साडेनऊ विजयमाला

लोक पुलाची उंची फुटांत सांगतात, शिकलेले मीटरमध्ये सांगतात. साताऱ्याचे निवृत्त सुभेदार लालासाहेब मोहिते ती विजयमालांमध्ये सांगतात. सांगलीचा जुना पूल साडेनऊ विजयमाला, कऱ्हाडकडचा एक आठ, वाईकडचा एक तर जेमतेम तीन. विजयमाला म्हणजे त्यांची बायको. उंची बरोब्बर पाच फूट.

यात चेष्टा नाही बरं का. लालासाहेबांची उभी नोकरी लष्करात पूल बांधण्यात गेली. तिथं त्यांनी एकदा आपल्या पुलाचा फोटो काढून मोठ्या ऐटीत साहेबापुढं ठेवला, तर साहेबानं विचारलं, "हा पूल आहे की मोरी?" शेजारी माणूस उभा नसेल तर फोटोतल्या पुलाची उंची कळत नाही, हा धडा त्यांनी त्या दिवशी घेतला तो कायमचा. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला घर बांधलं, लष्करी कॅन्टीनमधून कॅमेरा आणला आणि गावोगावचे पूल टिपायचा नाद धरला. शेजारी उभं राहायला माणूस घरचंच होतं.

पहिला फोटो सांगलीचा, बावीस वर्षांपूर्वीचा. विजयमालाबाईंच्या नात्यात लग्न होतं. नाकात नथ, अंगावर डाळिंबी शालू. वाटेत पूल दिसला तसे लालासाहेब म्हणाले, "चल, तुझा फोटो काढतो." लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला हे सुचलं म्हणून बाई हरखल्या. नदीकाठच्या खांबाच्या दगडी चौथऱ्यावर त्यांना उभं करून नवरा मागं मागं सरकत निघाला तो पार लांब जाऊन थांबला. फोटो हातात आला तेव्हा बाईंनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"आवं, ह्यात मी कुठं हाय?"

"ही काय, खांबाच्या बुडाला."

बोटाखाली ज्वारीच्या दाण्याएवढा डाळिंबी ठिपका होता.

त्याच संध्याकाळी लालासाहेबांनी बाईंना स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीनं रेघ ओढली आणि टेप लावला. पाच फूट. मग कर्कटकाच्या दोन टोकांत फोटोतला ठिपका धरला आणि खांबावर एकावर एक चढवत वरच्या कठड्यापर्यंत नेला. साडेनऊ वेळा. म्हणजे साडेसत्तेचाळीस फूट. वहीत पहिली नोंद झाली.

हा पहिला धरून पुढं त्रेसष्ट पूल झाले. पुढं कॅमेरा लटकवलेले सुभेदार, मागं जेवणाचा डबा घेऊन बाई, अशी त्यांची स्कूटर कृष्णाकाठानं वर-खाली हिंडली. पूल काळ्या दगडाचा असेल तर लाल लुगडं, पांढऱ्या सिमेंटचा असेल तर हिरवं, हा सुभेदारांचा हुकूम. जतकडच्या एका पुलाखाली पाण्याचा थेंब नव्हता, मेंढरं होती. बाई त्या घोळक्यात उभ्या राहिल्या तर लालासाहेब लांबून ओरडले, "पाय दिसू देत, पाय! माप चुकंल!"

बाई तोंडानं कुरकुरायच्या. "मी मेल्यावर भितीला लावायला फोटो न्हाई माझा. पूलच लावा, अन् घाला हार त्याला!" पण कधी नाही म्हणाल्या नाहीत. त्याचं एक कारण होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात लालासाहेब त्यांना 'अगं ए' म्हणत. पुलावर मात्र अंतर लांबचं, पाण्याचा आवाज मोठा, म्हणून नाव घेऊन हाक मारावी लागे. "विजयमालाऽ, हलू नगंस!" भर गावादेखत, खणखणीत आवाजात. बाईंना ती हाक लय आवडायची.

यंदा उन्हाळ्यात सांगलीच्या तवनाप्पांनी डोक्यात किडा सोडला. तवनाप्पा चौगुले म्हणजे लालासाहेबांचे फोटो पहिल्यापासून धुऊन देणारे स्टुडिओवाले आणि आता जिवाभावाचे दोस्त. ते म्हणाले, "सुभेदार, सगळ्या पुलांचं प्रदर्शन मांडू. हॉल मी बघतो. पहिल्या पुलाचा फोटो त्याच जागेवरनं पुन्हा काढा, जुना-नवा शेजारी लावू."

लालासाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोघं सांगलीला आली. तोच खांब, तोच चौथरा, पेटीतून काढलेला तोच शालू. बाईंना गुडघ्यामुळं काठ उतरायला वेळ लागला, पण उभ्या राहिल्या ताठ. फोटो निघाला. तवनाप्पांच्या टेबलावर सुभेदारांनी कर्कटक चालवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

"दहा भरतंय, तवनाप्पा. पन्नास फूट."

"अडीच फूट वाढला?" तवनाप्पा हसायला लागले. "पूल काय रोज दूध-अंडी खातोय व्हय?" आणि मग स्वतः जैन असल्याचं आठवून म्हणाले, "बरं, नुसतं दूध."

लालासाहेबांना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेपच्या टोकाला दगड बांधून तो कठड्यावरून खाली सोडला. चौथऱ्यावर उभ्या तवनाप्पांनी आकडा वाचला. साडेसत्तेचाळीस. पूल जिथल्या तिथं होता. मग चुकलं कोण? डोळे गेले की हात? आणि आपलाच हात चुकत असेल, तर वहीतले बाकीचे पूल कुठल्या तोंडानं भिंतीवर लावायचे? प्रदर्शनाला आठ दिवस राहिले होते. निवृत्त इंजिनिअर येणार होते. ज्या माणसाच्या मोजमापावरून रणगाडे नदीपार गेले, त्याला म्हातारपणी एक खांब मोजता येऊ नये, हे लालासाहेबांना फार लागलं.

"प्रदर्शन राहू द्या," ते तवनाप्पांना म्हणाले आणि एसटीत बसले. साताऱ्यापर्यंत मान खाली घालून बसले. वाटेत तीन पूल लागले, एकाकडंही त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. बाईंनी ते बरोबर टिपलं.

घरी आल्यावर बाई चहाला लागल्या. लालासाहेब स्वयंपाकघरात येऊन नुसते बसले होते. फळीवरचा साखरेचा डबा काढायचा म्हणून बाईंनी पायानं पाट ओढला आणि त्यावर चढल्या.

"हा पाट कशाला?"

"हात पुरत न्हाई."

"कवापास्नं?"

"झाली की चार वर्सं. फळी जरा वर गेल्यागत वाटतीया."

लालासाहेब ताडकन उठले. फळी त्यांनीच ठोकली होती. बाईंना पाटावरून उतरवून त्यांनी चौकटीला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली आणि बघतच राहिले. जुनी पेन्सिलीची रेघ पट्टीच्या वर होती. तीन इंच. चार फूट नऊ इंचांची बाई दहा वेळा एकावर एक ठेवली की साडेसत्तेचाळीस फूटच होतात. हिशेब चोख होता. पूलही बरोबर होता आणि हातही.

बाईंनी मान वळवून रेघ पाहिली आणि त्यांना हसू आवरेना. "म्हंजी मी झिजले व्हय? आन् तुमी पुलाच्या मागं टेप घिऊन!"

लालासाहेबांना मात्र भरून आलं. पुलाच्या एकेका दगडाची भेग त्यांच्या वहीत होती. त्रेसष्ट ठिकाणी बायकोला उन्हात उभं केलं, तिच्या टाचेपासून डोक्यापर्यंत कर्कटक धरलं, आणि ती इतकी खाली आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

"मी तुझ्याकडं कवा बघितलंच न्हाई," ते म्हणाले.

"बघत व्हता की," बाई म्हणाल्या. "लांबनं."

त्या एवढं म्हणून चहाकडं वळल्या. लालासाहेब आत गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

"विजयमाला."

बाई दचकल्या. "हितं कुठला पूल आला?"

"चल, साडी बदल. माहुलीच्या पुलावर जाऊ. ऊन उतरायच्या आत."

फोन केला तेव्हा तवनाप्पा पोट धरधरून हसले. "काखेत कळसा आन् गावाला वळसा! मग प्रदर्शन?"

"मांडा की. एक फोटो वाढला."

सांगलीचा हॉल त्या दिवशी भरून गेला. एका निवृत्त इंजिनिअरांनी भिंग लावून आकडे तपासले आणि अलीकडच्या फोटोंखालची टीप मोठ्यानं वाचून दाखवली: 'या पुलांची उंची नव्या मापानं काढली आहे. एक विजयमाला बरोबर चार फूट नऊ इंच.' लोक हसले, बाई लाजल्या, आणि कुणीतरी जाऊन त्यांना पुढं घेऊन आलं.

दाराशीच, सगळ्यांत मोठा, वाढलेला तो एक फोटो होता. माहुलीच्या घाटावर काढलेला. नाकातली नथ, कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, काहीतरी टोमणा मारायच्या बेतात असलेलं तोंड. बाईंचा चेहरा या कडेपासून त्या कडेपर्यंत भरला होता. बाईंनी चष्मा पुसला, फोटोच्या अगदी जवळ गेल्या, वरचा कोपरा पाहिला, खालचा पाहिला.

"आवं, ह्यात पूल कुठं हाय?"

लालासाहेब फोटोकडं बघत नव्हते. ते बाईंच्या शेजारी, हातभर अंतरावर उभे होते.

"असंल की मागं कुठंतरी," ते म्हणाले.