बुडबुडे मिस्त्री आणि पलंगाखालचा गॅस

"गॅसला घाई नसते. तो खाली बसतो आणि वाट बघतो."

हे वाक्य बुडबुडे मिस्त्री आयुष्यात किती वेळा बोलले असतील याची गणती नाही. ग्राहकाला तर ते सांगतच, पण पंपावरच्या माणसालाही सांगत. दाढी करणाऱ्या न्हाव्याला सांगत, तेही साबणाचा फेस तोंडात जात असताना. मुलीच्या लग्नात पाहुण्यांनी आग्रह केला, "मिस्त्री, दोन शब्द बोला." मिस्त्री उभे राहिले, घसा खाकरून हेच वाक्य बोलले आणि खाली बसले. संसाराबद्दल काहीतरी फार खोल बोलले असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मिस्त्रींचा धंदा घरगाड्यांचा. ज्या मोटारीत पलंग, शेगडी, मोरी, कपाटं असा अख्खा संसार मांडलेला असतो, ती घरगाडी. तिच्या पोटाखाली गॅसची टाकी बसवायची, टाकीपासून शेगडीपर्यंत नळी न्यायची आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाला टाकी भरायचं तोंड काढायचं. टाकी रिकामी झाली की पंपावर जायचं, त्या तोंडाला नोझल लावायचं, भरून घ्यायचं. मिस्त्री प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून त्यावर नाक टेकवून बसत आणि बुडबुडा येतो का बघत. त्यावरून पडलेलं नाव इतकं पक्कं बसलं की टपालवाला पाकिटावरचं खरं नाव वाचून परत जायचा.

काम संथ. भोक पाडायच्या आधी ते गाडीच्या पत्र्यावर कागदाची गोल चकती चिकटवत आणि तीन दिवस तशीच ठेवत. जाता येता तिच्याकडे बघत. दार उघडल्यावर चकतीपर्यंत येतं का? वर खिडकी आहे का? सायलेन्सरचा धूर कुठून निघतो? चाकाखालचा दगड उडाला तर कुठे लागेल? "पत्र्याला पाडलेलं भोक परत शिवता येत नाही," असं म्हणत. ग्राहक रोज येत, चकती कालच्याच जागी आहे हे बघून कपाळाला हात लावत आणि परत जात.

आणि मग झारी. फुलझाडांना पाणी घालायची, पोचे आलेली, पत्र्याची झारी. टाकी असेल, तोंड असेल, जोड असतील, त्या कप्प्यात मिस्त्री ती झारी सरळ उपडी करत. "गॅस हवेपेक्षा जड. डोळ्यांना न दिसणारं पाणीच समजा. हे जिथं जाईल, तिथं तो जाईल." पाणी खालच्या भोकातून जमिनीवर पडलं तर कागदावर सही. पाणी घरात आलं तर सही नाही. मिस्त्रींची सही नसली तर त्या भागातला एकही पंप टाकी भरून देत नसे. पाववाल्याच्या गाडीत ओतलेलं पाणी त्याच्या मैद्याच्या पोत्यांत गेलं. पाववाला सहा महिने बोलला नाही. सातव्या महिन्यात गाडी घेऊन आला, कप्पा नव्यानं करून घेतला आणि तरीही बोलला नाही.

अशा माणसाच्या व्याह्यांनी घरगाडी बांधली.

व्याही म्हणजे भूमितीचे मास्तर. सदतीस वर्षं शाळेत त्रिकोण शिकवून निवृत्त झाले होते. दोन वर्षं अंगणात राबून त्यांनी एका जुन्या मालवाहू मोटारीची घरगाडी केली. सुतारकाम, रंगकाम, सगळं स्वतः. शनिवारी सगळं घर त्या गाडीतून महिनाभराच्या प्रवासाला निघणार होतं. राहिली होती फक्त मिस्त्रींची सही.

बुधवारी सकाळी मिस्त्रींची मुलगी बाळाला कडेवर घेऊन कारखान्यात आली. टेबलावरचे पाने-हातोडे बाजूला सारून तिनं बाळाला तिथं बसवलं.

"बाबा, उद्या झारी आणू नका."

"झारीशिवाय मी घराबाहेर पडत नाही, तुला ठाऊक आहे."

"मग आणा. पण ओतू नका. माझ्या सासऱ्यांनी त्या गाडीसाठी रक्ताचं पाणी केलंय. सासूबाईंनी पडदे शिवलेत. तुम्ही त्यांच्या गादीवर पाणी ओतलंत तर मला त्या घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"आणि काम चुकलेलं असेल तर?"

"तर सांगा. चारचौघांसारखं तोंडानं सांगा. ओतू नका एवढंच. वचन द्या."

मिस्त्रींनी दिलं. त्या वेळी नात त्यांचं नाक दोन्ही हातांनी ओढत होती, त्यामुळे वचन जरा नाकातून आलं. पण दिलं म्हणजे दिलं.

गुरुवारी ते पोचले तेव्हा मास्तर हातात रूळ घेऊन फाटकातच उभे होते. गाडी चकचकीत पांढरी. एका अंगावर मास्तरांनी स्वतः काढलेला पक्षी. सगळा कंपासनं काढलेला. पोट एक वर्तुळ, डोकं दुसरं वर्तुळ.

"राजहंस," मास्तर म्हणाले.

"छान आहे बदक," मिस्त्री म्हणाले. ऐकण्याआधी बोलून टाकायची त्यांना खोड होती.

मुलीनं डोळे मिटून घेतले.

मिस्त्रींनी गाडीला एक फेरी मारली. मग दुसरी मारली. "मास्तर, भरायचं तोंड कुठं दिसत नाही ते?"

"दिसणारच नाही!" मास्तर खुलले. "हीच तर खुबी आहे. या आत."

आत गेल्यावर मास्तरांनी पलंगावरची गादी उचलली, खालची फळी सरकवली. खाली प्लायवूडचा खोका आणि खोक्यात चकाकणारं पितळी तोंड.

"बाहेर पाऊस असो, चिखल असो, मी इथं पलंगावर बसून, हातात चहाचा कप घेऊन टाकी भरणार. पंपवाल्यानं नळी फक्त दारातून आत द्यायची. इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, मिस्त्री!"

मिस्त्री खाली जमिनीवर बसले. मग पालथे पडून त्यांनी खोक्यात डोकं घातलं. तोंडापासून निघालेली नळी पत्र्यातल्या भोकातून खाली गेली होती. भोक नळीला घट्ट बसणारं, पण कडा उघड्या, रबराची कडी नाही. गाडी धावली की पत्रा नळीला करवतीसारखा कापत राहणार. आणि खाली, नळीपासून वीतभर अंतरावर, फेरी मारताना दिसलेला सायलेन्सर.

डोकं बाहेर काढताना त्यांचा हात कशावर तरी पडला. पलंगाच्या पायाला बांधलेलं, जमिनीलगतचं, हातभर लांबीचं अंथरूण. चादरीवर निळ्या चांदण्या.

"हे कुणाचं?"

"तुमच्या नातीचं," मास्तर अभिमानानं म्हणाले. "मुद्दाम खाली केलंय. गाडी कितीही हलली तरी पडायची भीती नाही. सगळ्या गाडीतली सर्वांत सुरक्षित जागा."

मिस्त्रींनी त्या चांदण्यांवरून एकदा हात फिरवला. पण आवाज त्यांनी चारचौघांसारखा ठेवला.

"मास्तर, भरून झाल्यावर नोझल काढताना दर वेळी फुस्स होतं. थोडा गॅस सुटतोच."

"किती?"

"धरा वाटीभर."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कपाटाच्या दारावरच गणित मांडलं. लांबी, रुंदी, उंची. "वाटीभर गॅस या एवढ्या घनफळात! शून्य पूर्णांक, शून्य, शून्य... अहो, काहीच नाही हे."

"पण तो सगळ्या गाडीत सारखा पसरत नाही ना. गॅसला घाई नसते. तो—"

"खाली बसतो आणि वाट बघतो. माहीत आहे. लग्नात ऐकलंय."

"तर मग? पंपवाल्याची नळी कधी सुटली, तर वाटीभर नाही, बादलीनं येईल. घरातल्या घरात. तोंड बाहेरच हवं. मी सही करू शकत नाही."

मास्तरांनी रूळ टेबलावर आपटला. "माझा खोका पक्का आहे! चारी सांधे मी स्वतः सरसानं चिकटवलेत. त्यातून काही बाहेर येणार नाही. येतं म्हणता ना? सिद्ध करा!"

झारी मिस्त्रींच्या गुडघ्याशी होती. काठोकाठ भरलेली. हात मुठीकडे गेला, तिथंच थांबला आणि परत आला. दारात मुलगी उभी होती. पाववाल्याच्या वेळी हा हात असा कधी थांबला नव्हता.

"सिद्ध करायला पाणी लागतं," मिस्त्री म्हणाले. "आणि मी ओतणार नाही असं वचन दिलंय."

"कुणाला?"

मिस्त्री छताकडे बघू लागले. मुलगी जमिनीकडे.

"म्हणजे पुरावा नाही!" मास्तरांनी वर्गाकडे बघावं तसं सगळ्यांकडे बघितलं. "पुरावा नाही आणि सहीही नाही. सुनबाई, ऐकलंत? तुमच्या बाबांमुळे शनिवारचा प्रवास रद्द!"

इतका वेळ विहीणबाई स्टुलावर उभ्या राहून पडद्याच्या कड्या अडकवत होत्या. त्या खाली उतरल्या.

"काय आहे हो त्या झारीत?"

"पाणी, विहीणबाई."

"आणि ते ओतल्यावर काय कळतं?"

"पाणी जिथं जातं, तिथं गॅस जातो."

"एवढंच ना? मग त्यासाठी एवढा तमाशा कशाला?" असं म्हणून त्यांनी झारी उचलली.

"अगं! गादी!" मास्तर ओरडले.

"गादी वाळते. आणि मी काही कुणाला वचन दिलेलं नाही."

आणि त्यांनी ओतली. अर्धीमुर्धी नाही, सगळी.

खोक्यात पाणी चढलं. काहीच झालं नाही. मास्तरांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "बघा! बघा माझे सांधे! सदतीस वर्षं—"

मग कोपऱ्यातून पाण्याची एक बारीक जीभ बाहेर आली. ती पलंगाच्या पायाशी थांबली, जरा घुटमळली आणि पत्ता ठाऊक असल्यासारखी वळली. थेट त्या छोट्या अंथरुणाखाली गेली. चादरीवरच्या निळ्या चांदण्या एकेक करून काळ्या पडत गेल्या.

मुलीनं एका कडेवरचं बाळ उगाचच दुसऱ्या कडेवर घेतलं.

मास्तर खाली बसले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी ओल्या चादरीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"घनफळ बरोबर होतं," ते शेवटी हळूच म्हणाले.

"घनफळ अगदी बरोबर होतं," मिस्त्री म्हणाले. "गणितात उतार धरायचा राहिला, इतकंच."

बाहेर येऊन मिस्त्रींनी पिशवीतून चकती काढली. दाराची बाजू सोडली. खिडकीपासून, सायलेन्सरपासून, चाकापासून दूर गेले. अंतर वितींनी मोजलं, बसून बघितलं, उभं राहून बघितलं आणि चकती चिकटवली. ती बरोबर राजहंसाच्या शेपटीखाली आली.

मास्तरांनी रूळ शेपटीवर टेकवला. "तिथं?"

"तिथंच."

"चार बोटं पुढे घ्या की."

"वर खिडकी आहे."

"मागे?"

"धूर."

"खाली?"

"चिखल आणि दगड."

"अहो, पण मिस्त्री, राजहंस आहे तो! लोक काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत," विहीणबाई अंथरूण पिळत म्हणाल्या. "पक्षी म्हटल्यावर तिथं काहीतरी असायचंच."

पहिल्यांदा मुलगी हसली. मग तोंडावर पदर धरून विहीणबाई. मास्तरांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून निसटलं.

"चकती तीन दिवस राहील," मिस्त्री म्हणाले.

"तीन दिवस? आणि आमचा शनिवार?"

मिस्त्रींनी चकतीची कड बोटानं दाबून बसवली. तेव्हा मुलगी पुढे आली. त्या घरात तिचा आवाज इतका स्पष्ट कुणी ऐकला नव्हता.

"मामंजी, आपण मंगळवारी निघू. आणि बाळ वर झोपेल, माझ्याजवळ."

मास्तरांनी सुनेकडे बघितलं. "मंगळवारी," ते म्हणाले आणि रूळ काखेत मारून घरात गेले.

सोमवारी काम झालं. पलंगाखालचा खोका निघाला, तिथलं भोक पत्रा लावून बंद झालं. बाहेर नवं तोंड बसलं, वर घट्ट झाकण. नळी रबराच्या कडीतून गेली, सायलेन्सरच्या उलट्या अंगानं वळली, वीत वीत अंतरावर पट्ट्यांनी आवळली गेली. साबणाला एकही बुडबुडा आला नाही. या सगळ्या वेळात गाडीखाली उताणं पडून विजेरी धरायला मास्तर होते. "इथला कोन नव्वदचा नको," असं ते तीनदा म्हणाले. तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी ऐकलं, कारण तो खरोखर नको होता.

सही झाली. विहीणबाईंनी जेवायला थांबायचा आग्रह केला, पण पाववाला दुसरी गाडी घेऊन कारखान्यात येऊन बसला होता, न बोलता. त्याला थांबवणं बरं नव्हतं. मिस्त्रींनी नातीच्या गालाला बोट लावलं. पिशवी खांद्याला लावून ते निघाले. हत्यारांच्या वजनानं डावा खांदा खाली झुकलेला, पावलं संथ, रस्ता मोजत चालल्यासारखी.

मास्तर अजून गाडीखालीच होते, एका पट्टीवर बोट ठेवून. त्यांना चाकांच्या मधून फक्त मिस्त्रींचे धुळीचे बूट दिसले, आणि ते फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यांनी विजेरी विझवली नाही. विहीणबाईंनी दोरीवर टाकलेली चादर जरा बाजूला सारून बघितलं. मुलगी बाळाला घेऊन फाटकाशी आली. हाक मारावी असं तिच्या मनात आलं, पण तिनं मारली नाही. फक्त, कोपऱ्यावरच्या चक्कीपाशी त्यांचा झुकलेला खांदा दिसेनासा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.