पाहुण्यांचा जार

साथीच्या रोगांवरच्या चर्चासत्रात एका सकाळी किती शाली वाटाव्यात, असं तुम्हाला वाटतं? उत्तर आधी मनाशी पक्कं करा, मग पुढं वाचा. माझं मत नांदेडला पोचेपर्यंत फार सौम्य होतं.

कोल्हापूरहून मी रेल्वेत बसले ती आमच्या मासिकाच्या सांगण्यावरून. विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्यावर नेमकं काय बोललं जातं, ते ऐकून लिहायचं होतं. मी लहानपणी घरात उरलेल्या मोर्च्याच्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवलेली. त्यामुळे ‘सार्वजनिक’ हा शब्द दिसला की मी अजूनही जरा ताठ बसते. चर्चासत्राचं उद्घाटन नांदेडला, मधे रेणापूर तालुक्यातल्या एका गावाला भेट आणि समारोप लातूरच्या एका महाविद्यालयात, असा बेत होता.

सकाळी गाडी परभणी सोडून पुढं आली, तेव्हा खिडकीतून काळीभोर जमीन आणि सोयाबीनचे ढीग दिसत होते. ऑक्टोबरचं ऊन नऊ वाजताच कपाळावर बसत होतं. नांदेड स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, “कुठं जायाचं म्याडम?”

“विद्यापीठ.”

“आज काय हाय तिथं?”

“साथीच्या रोगांवर चर्चासत्र.”

“मंग आमच्या गल्लीत घ्यायचं की! हितं समदे आजारी हायत. तिकडं काय, नुसती झाडं हायत.”

या मुद्द्याला उत्तर देणारा निबंध मला पुढच्या दोन दिवसांत ऐकायला मिळाला नाही.

सभागृहात दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले होते. समईची एक वात काही केल्या धरेना, आणि ती धरेपर्यंत पंखे लावायचे नाहीत असा रिवाज. सगळं सभागृह घामानं भिजलं. मग सत्कार. प्रमुख पाहुण्यांचा, उद्घाटकांचा, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा. सूत्रसंचालकाकडे प्रत्येकासाठी वेगळा शेर होता, आणि शेर पडला की शाल पडत होती. डासांमुळे होणाऱ्या आजारांवर बीजभाषण होतं. डास मात्र वेळेवर आले होते आणि शेवटपर्यंत थांबले. शोधनिबंध वाचणाऱ्यांना सांगण्यात आलं की वेळेअभावी प्रत्येकानं फक्त निष्कर्ष सांगावा. वेळ कुणी खाल्ला, ते कुणी सांगितलं नाही.

जेवणाच्या रांगेत माझ्या पुढं एक मुलगी स्वतःशीच पुटपुटत होती. ताटात तहारी (आपल्याकडच्या मसालेभाताची हैदराबादी चुलत बहीण) वाढून घेत ती म्हणाली, “दोन वर्षं गावं फिरले, अन् म्हणे फक्त निष्कर्ष सांगा. उद्या म्हणतील फक्त आडनाव सांगा.”

ही सुजाता. कंधार तालुक्यातली, वडील पोस्टात, आणि ती साथरोगशास्त्रात पीएचडी करणारी. साथ कुठून आली, कशातून पसरली, याचा माग काढणं हे तिचं काम. कुणाचा फोन आला की आधी “जयभीम” म्हणायची, मग तावातावानं बोलायची. आमचं लगेच जमलं.

तिच्या निबंधाचा विषय कावीळ होता. रेणापूरकडच्या एका गावात, एकाच गल्लीत, पावसाळ्यात घराघरात कावीळ झाली होती. सुजातानं दारोदार जाऊन विचारलं : कोणतं पाणी पिता? जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, जारचं. गावात शुद्ध पाण्याचा एक प्लांट आहे, तिथून हे थंड जार येतात. तेव्हा संशय प्लांटवर.

“प्लांटचं पाणी तपासलं?” मी विचारलं.

“तपासलं. काही निघालं नाही. सर म्हणले, नमुना उशिरा घेतला म्हणून.”

“आणि नळाचं?”

“नळाचं कुणी पीतच न्हाई ना ताई. जे पाणी कुणी पीत न्हाई ते कशाला तपासायचं, असं सर म्हणले.”

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, पांगरीकर सर. समारोपाला जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी येणार होते, आणि सर त्यांना शिफारस देणार होते : प्लांट बंद करा. सुजाताला आनंद व्हायला हवा होता. पण ती भात चिवडत होती. “एक बाई हाय त्या गल्लीत, सोनाली. दिवस भरत आलेत तिचे. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर जिवावर बेतते. प्लांट बंद झाला म्हणजे ती वाचंल, एवढंच मला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाची बस निघाली. तिच्या तोंडावर ‘क्षेत्रभेट’ लिहिलेला भला मोठा फलक बांधला होता. लोह्यात थांबून चहा आणि सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता) झाला. सुशीलेवर लिंबू पिळून खाल्लं की पोह्यांची आठवण येत नाही, हे आमच्या गावात जाहीरपणे बोलायची माझी तयारी आहे.

अहमदपूरच्या अलीकडे बसमधून वाफ येऊ लागली. ड्रायव्हरनं उतरून बॉनेट उघडलं आणि ओरडला, “सर, ते ब्यानर सोडा! हवा कुठून घुसंल? गाडीलाच ताप आलाय!”

फलक सोडला, पण पांगरीकर सरांनी तो घडी घालून मांडीवर घेतला. म्हणाले, “गावात शिरताना पुन्हा बांधू. फोटोत यायला पाहिजे.” मी त्यांच्याबद्दल एक खवचट वाक्य मनात तयार केलं. तेवढ्यात गाडी थंड होईपर्यंत त्यांनी आम्हाला रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसवलं आणि जुन्या काळी माणसांनी पटकीचा (कॉलऱ्याचा) माग कसा काढला ते असं काही रंगवून सांगितलं, की सोयाबीन वाळवणाऱ्या बाया कामं सोडून ऐकायला आल्या. खवचट वाक्य मी खोडलं नाही, पण बाजूला ठेवलं.

गावाचं नाव सांगत नाही. ती गल्ली उताराला आहे, सिमेंटची, मधोमध उघडं गटार. पहिलं घर गयाबाईंचं. सोनाली त्यांचीच सून. गयाबाईंनी सतरंजी अंथरली, निळ्या जारमधून स्टीलच्या ग्लासांत पाणी आलं. जारच्या तोटीला लाल दोरा गुंडाळलेला होता.

“वा! काय गार आहे!” सर म्हणाले.

सरांनी विचारलं, कोणतं पाणी पिता? जारचं. सरांनी आमच्याकडे पाहिलं, म्हणजे पाहा, ऐका, लिहून घ्या.

दुसऱ्या घरीही सतरंजी, निळा जार, स्टीलचे ग्लास. “वा! हेही गार!” कोणतं पाणी पिता? जारचं.

तिसऱ्या घरात आम्ही बसलो तरी पाणी येईना. घरची बाई दाराकडे नाही, मागच्या परसाकडे बघत होती. मग मागून दुसऱ्या घरची बाई धापा टाकत आली, कडेवर निळा जार. तिच्यामागं सोनाली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात ग्लासांचं ताट. जारच्या तोटीला लाल दोरा होता.

सरांनी ग्लास उचलला. “वा!”

सुजातानं ग्लास उचलला नाही. ती त्या दोऱ्याकडे बघत होती.

“काकू, हा जार कुणाचा?”

“आमचाच की.”

“मघाशी तर गयाबाईंच्या घरी व्हता.”

पहिल्यांदा सोनाली हसली, मग दारात जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

“ताई, समद्या गल्लीचा हाय ह्यो,” सोनाली म्हणाली. “पाव्हणे आले की एक मागवतो. तुमची गाडी दिसली की पयल्या घरी. तुमी म्होरच्या दारानं निघाले की ह्यो मागच्या दारानं निघतो.”

“अन् रोज काय पिता?”

“नळाचं. अन् काय!” गयाबाई म्हणाल्या. त्या आमच्या मागोमाग आल्या होत्या.

“मग मागच्या टायमाला मला जारचं कामून (का म्हणून) सांगितलं?”

“आता काय बोलावं बया! तुझ्या हातात म्या जारच्या पाण्याचा गिलास दिला. तू त्यो धरूनच इचारलं, कोणतं पाणी पिता? अन् म्या म्हनू नळाचं? इज्जत हाय का न्हाई आम्हाला?”

शेजारीण म्हणाली, “अन् नळाच्या पाण्याला वास येतो मधूनमधून. असलं पाणी पाव्हण्याला द्यावं का?”

मला राहवलं नाही. “पाहुण्याला द्यायची लाज वाटते ते पाणी सोनालीला कसं देता?”

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं.

“ती काय पाव्हणी हाय का? ती घरची हाय.”

मी पुष्कळ सभांना गेले आहे, पुष्कळ घोषणा दिल्या आहेत. पण बायकांच्या वाट्याला घरात काय येतं हे इतक्या थोडक्यात, तेही इतक्या मायेनं सांगितलेलं, मी कुठं ऐकलं नव्हतं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतःही तेच पाणी जन्मभर प्यायलं होतं.

सुजाता उठली आणि थेट परसात गेली. नळाची पाइप कुठून येते ते बघत ती गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत चालत गेली, मी मागं. वरच्या टोकाला पाइप गटारात उतरत होती. गटाराच्या पाण्यात तिचा जोड होता आणि त्यावर सायकलची जुनी ट्यूब करकचून बांधली होती. पाणी सुटलेलं नसलं की पाइप आतून रिकामी होते आणि बाहेरचं ओढून घेते, हे सुजातानं मला सांगितलं.

“ताई, मी प्लांट बंद करायला निघाले व्हते. गावात धड पाणी तेवढं एकच.”

निघण्याआधी तिनं सोनालीला सांगितलं, आजपासून पाणी उकळूनच. सोनालीनं सासूकडे पाहिलं. सासू ताटात ग्लास गोळा करू लागली.

लातूरच्या रस्त्याला बसमध्ये जुंपली.

“एका जारवरून निष्कर्ष बदलत नसतात,” सर म्हणाले.

“सर, एका जारवरूनच तर काढला व्हता.”

“समारोप उद्यावर आलाय. शिफारशी छापून झाल्यात. तू अजून एकदा सर्वेक्षण कर, पुढच्या चर्चासत्रात मांडू.”

“पुढचं चर्चासत्र कधी?”

“पुढच्या वर्षी.”

“सोनालीचे दिवस तवर थांबतेत का, सर?”

सर खिडकीबाहेर बघत बसले.

समारोपाच्या कार्यक्रमपत्रिकेतून सुजाताचा निबंध गळाला होता, वेळेअभावी. तिच्या वाट्याला आभारप्रदर्शन आलं. आपल्याकडे हे काम नेहमी सगळ्यांत धाकट्याला आणि शक्यतो मुलीला देतात. देणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात राहत नाही. आभार आणि राष्ट्रगीत झाल्याशिवाय कुणाला उठता येत नाही. अधिकारीसुद्धा अडकलेला असतो.

सरांनी शिफारशी वाचल्या. प्लांट बंद करावा, टाळ्या. मग सुजाता माइकपाशी आली. व्यासपीठावरच्या सगळ्यांचे आभार तिनं क्रमानं मानले, मंडपवाल्याचेही मानले. मग म्हणाली, “शेवटी मी गयाबाईंचे आभार मानते. त्यांनी आधी आम्हाला पाहुण्यांना सांगायचं ते सांगितलं, आणि काल खरं सांगितलं. त्या गल्लीत रोज नळाचं पाणी पितेत. नळाची पाइप गटारातून जाते, जोडाला ट्यूब बांधलेली हाय. आम्ही ते पाणी तपासलंच नाही. माझा निष्कर्ष चुकला, मी तो मागं घेते. कृपया प्लांट बंद करू नका.”

सूत्रसंचालकाकडे या प्रसंगासाठी शेर नव्हता. अधिकारी पांगरीकर सरांकडे वळले. “सर, यातलं खरं कोणतं?”

सर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ही मुलगी गेली. दोन वर्षांचं काम गेलं.

“ती सांगते ते,” सर म्हणाले. “मी तिन्ही घरांत त्याच जारचं पाणी प्यायलो. तिन्ही घरांत गार आहे म्हणालो. बघायला मी गेलो होतो, आणि पाहिलं तिनं. ती शिफारस काढून टाका. आज माणूस पाठवून नळाचा नमुना घ्या.”

मग राष्ट्रगीत झालं.

संध्याकाळी लातूर स्टेशनवर सुजाता मला सोडायला आली. सर तिच्याशी अजून धड बोलत नव्हते, पण नवी प्रश्नावली घेऊन सोमवारी ये, असा निरोप त्यांनी दिला होता. आता पाण्याचा प्रश्न बैठकीच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात विचारायचा, पिण्याचा माठ कोणता ते बघून.

मी कोल्हापूरला पोचल्यावर तिचा फोन आला. गटारातला जोड उकरलाय, दुसरी पाइप टाकायचं काम सुरू आहे. नमुन्याचा अहवाल अजून यायचाय. आणि जार गयाबाईंच्या घरी मुक्कामाला आलाय, सोनाली बाळंत होईपर्यंत तो तिच्याशिवाय कुणाला मिळणार नाही, असं गयाबाईंनीच गल्लीला बजावलंय. पाहुण्यांना काय देता, असं सुजातानं विचारलं तर म्हणाल्या, “उकळलेलं नळाचं. त्यांच्या पोटात काय लेकरू हाय?”

आपण कोल्हापूरकर नदीकाठचे, पाण्याच्या बाबतीत भलतेच ताठ. पण परत आल्यापासून मी ज्या घरी जाते तिथं मला बाटलीतलं थंड पाणी मिळतं आणि आतल्या खोलीत कुणीतरी दुसरंच पाणी पीत असतं. चर्चासत्रांत हे कधी येणार नाही, कारण तिथं आपण सगळे पाहुणेच असतो.

म्हणून वाचकहो, एक मागणं आहे, आणि ते आजच करायचं आहे. हे पान मिटलं की घरात जा, घरातली सगळ्यांत गप्प राहणारी बाई रोज कुठलं पाणी पिते ते बघा आणि त्याच भांड्यातलं एक ग्लास पाणी तिच्यासमोर बसून तुम्ही प्या. ते प्यायला नको वाटलं, तर उद्या सकाळी त्याच पाण्याची बाटली भरून पालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत जा, टेबलावर ठेवा, आणि नमुना तपासायला लेखी मागणी केल्याशिवाय उठू नका.