प्रियंकाची ‘सोबत’

दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हाच प्रियंकाचा पेशा. साकीनाक्याच्या एका कंपनीत ती नऊ वर्षं सॉफ्टवेअर तपासत होती. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं तिची आई शकु घाटकोपरच्या अख्ख्या चाळीला सांगायची.

नऊ वर्षांत प्रियंकानं गिळलंही बरंच. मीटिंगमध्ये हिनं तोंड उघडलं की कुणीतरी हटकून म्हणायचं, “आधी चहा सांग ना.” शेवटी सुट्टीचे दिवस खर्ची घालून तिनं ‘सोबत’ नावाचं ॲप बनवलं. आयटीतल्या बायकांनी नाव न देता गाऱ्हाणं लिहायचं, बाकीच्यांनी मार्ग सुचवायचा. आत बाहेरचं कुणी घुसू नये म्हणून ओटीपी जायचा ऑफिसच्या ईमेलवर. या युक्तीवर बाई भलतीच खूश होती.

बोरीवलीची वसुधा तिथेच भेटली. पोटात सातवा महिना. बाळंतपणाची रजा मागितली म्हणून साहेबानं तिला प्रोजेक्टवरून काढलं होतं. तिनं सगळं लिहिलं. अनोळखी बायकांनी धीर दिला, कायदा समजावला. पुढे वसुधानं स्वतःहून प्रियंकाला नंबर दिला, दोघींची मैत्री जमली. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, या आनंदात प्रियंका आठवडाभर तरंगत होती.

मग एके दुपारी वसुधाचा फोन आला. “राजीनामा लिहून घेतला गं माझ्याकडून.”

“पण तुझं नाव कुठेच नव्हतं!”

“ओटीपी ऑफिसच्या मेलवर आला ना? कंपनी ते मेल वाचते. तक्रारीची कुणकुण लागल्यावर त्यांनी शोधलं, तर अख्ख्या ऑफिसात तो मेल माझ्या एकटीलाच आला होता.”

कंपन्या मेल वाचतात हे प्रियंकाला माहीत नव्हतं थोडंच! तिच्या ऑफिसातही तेच चालायचं.

“शिव्या दे मला,” ती म्हणाली.

“देऊन काय होणार? बाकीच्यांना तरी सांग.”

तिनं ॲप बंद केलं, आत सूचना लावली. पण लिहून झाल्यावर घाबरून ॲप काढून टाकलेल्या एकेचाळीस जणी होत्या. त्यांना सूचना दिसणारच नव्हती. बायकांना भीती वाटू नये म्हणून फोन नंबर तिनं मुद्दामच घेतले नव्हते. प्रत्येकीचा एकच पत्ता होता, ऑफिसचा.

‘सावध राहा’ असं पत्र तिनं लिहून ठेवलं. पाठवलं नाही. ते आधी साहेबांनीच वाचलं असतं.