नाव ज्याचं, त्याला विचारा

मृणालिनी गेल्याची बातमी मला ऑफिसच्या ईमेलमधून कळली, आणि त्या ईमेलमध्ये मृणालिनीचं नावच नव्हतं. ‘आपली लाडकी लिन काल अचानक गेली,’ असं आमच्या मॅनेजरनं, ब्रायननं, इंग्रजीत कळवलं होतं. रडू नंतर आलं. आधी संताप आला, आणि इतक्या आठवड्यांनी हे लिहितानाही तो उतरलेला नाही.

अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही दोघी कित्येक वर्षं शेजारी बसलो. ग्राहकांकडे जाणारे इंग्रजी अहवाल, माहितीपत्रकं बाहेर पडण्याआधी तपासणं हे तिचं काम. त्यात तिचा जीव अडकायचा तो कंपन्यांच्या नावांत. लोगोत सगळी अक्षरं कॅपिटल आहेत म्हणून कोणी वाक्यातही तशीच ठोकली, की ती वैतागायची. ‘अगं, लोगो म्हणजे अंगावरचे कपडे. नाव म्हणजे माणूस!’ एखादी कंपनी ‘अँड’ अक्षरांत लिहिते, दुसरी त्याचं चिन्ह वापरते. आपल्या सोयीनं अदलाबदल करायची नाही. एका ग्राहकाचं नाव लहान अक्षरानं सुरू व्हायचं. ते वाक्याच्या तोंडाशी येऊन मोठं होऊ नये, म्हणून ती अख्खं वाक्य फिरवून लिहायची. शंका आली की बाकीचे वेबसाइटवरून नाव उचलायचे. ही सरळ त्या कंपनीच्या रिसेप्शनला फोन लावायची. ‘तुम्ही तुमचं नाव वाक्यात कसं लिहिता?’ आमच्यातली पोरं हसायची. ‘यार, एवढं कोण वाचतंय?’ ती शांतपणे म्हणायची, ‘ज्याचं नाव आहे, तो वाचतो. नाव ज्याचं, त्याला विचारायचं.’

आणि हिचं नाव? नोकरीच्या पहिल्याच दिवशी ब्रायन म्हणाला होता, ‘हे काही मला जमायचं नाही. आय विल कॉल यू लिन, ओके?’ एच-वन व्हिसा नवाकोरा, घरात तान्हं मूल, नवरा मिलिंद तेव्हा बेकार. ओके नाही तर काय म्हणणार होती ती? आम्ही मैत्रिणी कधी लाडानं मिनू म्हणालो तरी तिला खपायचं नाही, पूर्ण नावानंच हाक मारायला लावायची. तिनं लिन गिळलं ते पोटासाठी. पण बॅजवर लिन, ईमेलवर लिन, वाढदिवसाच्या केकवरही लिन... ज्या ऑफिसात ती दुसऱ्यांच्या स्वल्पविरामासाठी भांडायची, त्या ऑफिसात एकालाही कधी वाटलं नाही, की हिला विचारावं.

मग नावं तपासणारं सॉफ्टवेअर आलं. ‘लिन, द टूल डझ दॅट नाऊ,’ म्हणून ब्रायननं तिला दुसऱ्या कामाला जुंपलं. टूल चुकायचंच. मग ही घरून काम करायच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या जुन्या फोनवरून रिसेप्शनला फोन लावायची आणि चुका गुपचूप दुरुस्त करायची. कोणी तिला थँक्यू म्हटलेलं मी ऐकलं नाही.

ती गेल्यावर ऑफिसनं प्रेम दाखवलं. पार्किंगच्या कडेला तिच्या आठवणीत डॉगवूडचं रोप लावलं आणि त्यापुढे पितळी पाटी ठोकली : ‘लिन’. मी ब्रायनच्या केबिनमध्ये गेले. तो खरंच हळहळत होता, ह्यानं माझं डोकं आणखी फिरलं. ‘पण आम्ही सगळे तिला लिन म्हणूनच ओळखायचो,’ तो म्हणाला. ‘शिवाय घरच्यांची काही तक्रार नाहीये.’ ते खरं होतं. मी मिलिंदला फोन केला, तर म्हणाला, ‘जाऊ दे ना गं, त्यांनी चांगल्या मनानं केलंय. आता तिला काय फरक पडतो?’ मी फोन आपटला. मेलेल्या माणसाला फरक पडत नाही, हे काय कारण झालं?

तरी पुढच्या शनिवारी तिच्या साड्या आवरायला मी त्याच्याकडे गेले. स्वयंपाकघरात त्या जुन्या फोनवरचा, निरोप आल्याचा दिवा लुकलुकत होता. मिलिंदनं बटण दाबलं. एका बाईचा इंग्रजी आवाज आला. ‘हॅलो मृणालिनी, मी डोना, ओहायोहून, फ्रंट डेस्कवरून...’ मृणालिनी. चारही अक्षरं, एकेक करून, जपून ठेवल्यासारखी. ‘आमच्या कंपनीचं नाव बदलतंय. तुम्ही नेहमी विचारता, म्हणून या वेळी मीच आधी फोन केला. आणि तुमचं नाव मी अजून बरोबर म्हणते ना? पहिल्या वेळी तुम्ही माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतलं होतंत!’ आणि ती हसली.

मिलिंदनं तो निरोप पुन्हा एकदा लावला. मग त्यानं माझ्यासमोरच ब्रायनला फोन लावला. ‘ती पाटी काढा,’ म्हणाला. पलीकडून ब्रायन सांगत असावा, की तिला विचारूनच लिन ठरलं होतं. मिलिंदचा आवाज चढला. ‘यू डिड नॉट आस्क हर. यू टोल्ड हर.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्यासाठी त्याला असं चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. इतका उशीर कशाला केलास रे, असं ओठांवर आलं होतं... पण तो रडत होता.

पाटी निघाली. नवी, पूर्ण नावाची, अजून यायची आहे. तोवर ते रोप बिननावाचं उभं आहे, आणि लिनपेक्षा मला ते चालतं.

राहिला डोनाचा फोन. मिलिंदला धीर होईना, म्हणून सोमवारी मीच त्याच्या स्वयंपाकघरातल्या त्याच फोनवरून तिचा नंबर फिरवला. बातमी सांगायची होती, पण तोंडातून निघेना. शेवटी सवयीनं तिच्याच शब्दांत विचारलं, ‘तुमचं नवं नाव वाक्यात कसं लिहायचं?’



‘तुम्ही मृणालिनी नाही,’ डोना म्हणाली. ‘कुठे आहे ती?’