आडनाव नको, असं मीच म्हणालो

"समजूतदार आहात तुम्ही. तुमच्यातले सगळे असे नसतात."

धरमपेठेतल्या त्या दिवाणखान्यात मुलाचे वडील मला असं म्हणाले आणि मी हसलो. नुसता हसलो नाही. मान खाली घालून, आभार मानावेत तसा हसलो. शेजारी माझी मुलगी बसली होती. तिने ते हसू पाहिलं.

प्रज्ञा आणि अनिकेत कॉलेजपासूनचे मित्र. दोघांना नोकऱ्या लागल्या आणि एक दिवस दोघांनी आपापल्या घरी सांगून टाकलं. अनिकेतचं घर जुनं, पिढ्यान्‌पिढ्या नोकरदार ब्राह्मणांचं. आम्ही बौद्ध. कामठीत माग चालवणाऱ्या माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, ती मान वर करून चालता यावं म्हणून.

त्या दिवशी चहा झाला. विषय लग्नपत्रिकेवर आला. अनिकेतची आई एवढंच म्हणाली की आमच्याकडचे नातेवाईक फार, पत्रिका सगळ्यांकडे जाईल. मग कोणीच काही बोललं नाही. त्या शांततेत मी बोललो.

"आमचं आडनाव नाही टाकलं तरी चालेल."

कोणी मागितलं नव्हतं. मीच देऊ केलं. त्यावर मला ते समजूतदारपणाचं प्रमाणपत्र मिळालं.

सवय जुनी आहे. नवीन लग्न झालं तेव्हा याच धरमपेठेत आम्ही भाड्याने खोली घेतली होती. मालकाला मी आडनाव तोंडातल्या तोंडात सांगितलं. बायकोला म्हटलं, बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसू नकोस, लोक ओळखतात. पोरगीच होती ती तेव्हा, प्रेमाने ऐकायची. ऐकलं तिने. लग्नातली ती साडी पेटीतच पिवळी पडली.

अनिकेतच्या घरून खाली आल्यावर प्रज्ञाने स्कूटीला चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"बाबा, त्यांनी मागतलं होतं काय?"

"नाही."

"मग काहून देलं?"

मी म्हणालो, तुझं लग्न अडू नये म्हणून.

"अनिकेतले मी पहिल्याच दिवशी पूर्ण नाव सांगितलं होतं. तुम्ही त्याच्या बापासमोर खोडून आले." मग म्हणाली, "अनिकेतही तिथंच चूप बसला होता. त्याले मी पाहतो. तुम्ही तुमचं पाहा."

तिने गाडी सुरू केली. मागे बसून मी तिच्या ताठ पाठीकडे बघत होतो. लाज वाटत होती. त्या लोकांची नाही. माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा गेलो. अनिकेतचे वडील बसा म्हणाले. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं की पत्रिकेवर आमचं पूर्ण नाव राहील, लग्नात बुद्धवंदना होईल, नातेवाइकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

"अहो, पण तुम्हीच तर बोलले होते काल."

"हो. मीच बोललो होतो. तेच परत घ्यायला आलो."

अनिकेत आतल्या दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग जमिनीकडे. त्याचं तोंड त्यालाच उघडावं लागेल.

वडील म्हणाले, विचार करून कळवतो. कालचं समजूतदार त्यांच्या तोंडून आज आलं नाही.

अजून त्यांचा निरोप नाही. प्रज्ञा कामावर जाते, येते, जेवते. डोळे सुजलेले असतात, पण माझ्याशी बोलताना नजर खाली नसते. मी त्यांना फोन करणार नाही. तिने सांगितलं तरी करणार नाही, आणि ती सांगणारही नाही.

ऑफिसात आयुष्यभर मी सवलतीवर आलेला माणूस म्हणून ऐकून घेतलं. सवलत तर मीच देत आलो, या सगळ्यांना, न मागता. लग्न होवो न होवो, ती आता बंद.