म्हाताऱ्यांचा मंगळवार

अवसरी खुर्दची कुशाबाई वीस वर्षांपूर्वी मंचरच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली. त्या काळी म्हातारं माणूस बरळायला लागलं की घरची माणसं 'म्हातारचळ लागला' म्हणायची आणि गप्प बसायची. कुशाबाईची सासू ठमाबाई अशीच गेली. मरायच्या आधी दोन वर्षं ती कुणालाच ओळखत नव्हती, उठली की हायवेच्या दिशेनं चालू लागायची. कामावर निघताना कुशाबाई बाहेरून कडी लावायची. आतून म्हातारी दार वाजवायची. तो आवाज ऐकत कुशाबाई एसटी गाठायची, दुसरा इलाज नव्हता.

पुढं दवाखान्यात महिन्यातून एकदा मानसोपचाराच्या डॉक्टर यायला लागल्या. इंद्रायणी मॅडम. त्या दिवशी तरणीताठी, दारूची, फिटची, सगळी माणसं एकाच रांगेत बसायची. चार-चार तास बसून म्हातारी माणसं कावरीबावरी व्हायची. एखादा बाकावरच ओलं करायचा, मग लाजेनं पुन्हा यायचाच नाही. फरशी कुशाबाईच पुसायची.

एका भादव्यात डिंभ्याच्या वरच्या डोंगरातून गोरख आपल्या बापाला घेऊन आला. गेणूबाबा, सत्तरी ओलांडलेले. जेवत नव्हते, बोलत नव्हते.

"बाबाला आता काय बी उमजत न्हाई," गोरख म्हणाला.

मॅडमनी स्मरणशक्ती तपासायचा कागद पुढं ओढला. "बाबा, आज तारीख काय?" गेणूबाबा गप्प. "साल कोणतं?" गप्पच. शंभरातून सात वजा करायला सांगितले, तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. मॅडम कागदावर शून्य मांडत गेल्या.

कुशाबाई दाराशी उभी होती. तिला राहवलं नाही.

"मॅडम, त्यांनी साळा पाह्यली नसंल. मी इचारू का?"

मॅडमनी मान डोलावली. कुशाबाई बाबांच्या समोर उकिडवी बसली आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "बाबा, महिना कुठला चाललाय?"

"भादवा," गेणूबाबा म्हणाले. "गवरी गेल्या. पितरं लागल्यात."

"भात कसं हाय?"

"पोटरीत आलंय." मग ते म्हणाले, "हिचं पान वाढायचं ऱ्हायलंय. कुणी नावच काढीत न्हाई."

गोरखची मान खाली गेली. आई जाऊन वर्ष झालं होतं. बापाला त्रास नको म्हणून घरात कुणी तिचा विषयच काढत नव्हतं.

मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि त्या बाबांशी अर्धा तास बोलत बसल्या. मग गोरखला म्हणाल्या, "यांचं डोकं शाबूत आहे. ऐकू कमी येतं आणि मन खचलंय. यावर औषध आहे. पण आधी घरी जाऊन आईचं पान वाढा."

त्या दिवशी चहा पिताना मॅडमनी कुशाबाईला विचारलं, "आणखी काय विचारायला हवं होतं मी?" कुशाबाई सांगत गेली आणि मॅडम लिहून घेत गेल्या. बाजाराचा वार कोणता, गाय व्याली कधी, धाकट्या नातीचं नाव काय. शेवटी कुशाबाई म्हणाली, "आन् यांची रांग येगळी करा, मॅडम. संडासाजवळच्या खोलीत बसवा."

वरून मंजुरी यायला सात महिने लागले. आता महिन्याचा दुसरा मंगळवार फक्त म्हाताऱ्यांचा असतो. घरच्या माणसांनाही एक तास असतो. तिथं कुशाबाई ठमाबाईची गोष्ट सांगते, कडीसकट. ऐकून एखादी सून रडते, मग मोकळेपणी बोलू लागते.

गेल्या कार्तिकात गेणूबाबांची पाळी होती, पण ते आले नाहीत. कुशाबाईनं काळजीनं फोन लावला. तो बाबांनीच उचलला.

"भात झोडायला काढलंय," ते ओरडून म्हणाले. "औषध घेतोय मी. पुढल्या म्हैन्याच्या मंगळवारी बघू."

कुशाबाईनं मॅडमना निरोप सांगितला. मॅडम हसल्या आणि त्यांनी तो केसपेपरवर जसाच्या तसा लिहून काढला.