नाना बँडवाल्यांचं नोसाउंड

नाना बँडवाले कुठेही गेले की आधी तिथला सूर पकडत. देवपूरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्यांदा आले, तेव्हा फी विचारायच्या आधी म्हणाले, "भाऊ, तुमचा पंखा बेसूर शे." नव्वदनंतरची गोष्ट. मी तिथे सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचो, पण पंखा कधी कान देऊन ऐकला नव्हता.

क्लॅरिनेट फुंकून नानांनी अर्ध्या धुळ्याची लग्नं लावली होती. मग दात गेले. कवळी बसवली, तर ऐन वरातीत ती नवरदेवाच्या घोडीपुढे जाऊन पडली. त्या दिवसापासून क्लॅरिनेट ट्रंकेत. आता धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं. ती रांगत होती तेव्हाच नानांनी तिच्या पाठवणीची चाल बांधून ठेवली होती. "ती चाल मीच वाजाडसू," म्हणाले. मी बाजाची पेटी सुचवली, तर मला झिडकारलं. "पेटी भजनले. लग्नले नही."

मग मी त्यांना कॉम्प्युटरकडून चाल वाजवून घ्यायला शिकवलं. प्रोग्रामच्या वर डॉस डॉट एच ही फाइल जोडायची. 'साउंड'ला आकडा दिला की सूर लागतो, 'डिले' म्हणजे किती वेळ, 'नोसाउंड' म्हणजे गप्प. सा दोनशे चाळीस, प तीनशे साठ. पहिल्याच दिवशी नाना नोसाउंड विसरले. प्रोग्राम संपला, सूर संपेना. शेजारची शिकवणी बंद पडली, तेव्हा मी वायर ओढली. "हाई तर दमच घेत नही!" नाना हबकलेच.

तेव्हापासून ते नोसाउंडचे फौजदार झाले. पोरांच्या मागे उभे राहून विचारायचे, "सुरामागे दम ठेवा का?" म्हणजे सुरानंतर नोसाउंड लिहिलं का? खरं सांगतो, त्यांच्यामुळेच आमच्या क्लासातले प्रोग्राम स्कूटरच्या हॉर्नसारखे वाजायचे थांबले.

लग्नाला कॉम्प्युटर गादीत गुंडाळून टेम्पोतून मांडवात नेला. इवल्याशा स्पीकरपुढे माइक धरला. सुरुवातीला बाया खुसुखुसु हसल्या. चाल नाकात वाजत होती, पण ती नानांची होती. अंतऱ्यापर्यंत सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागले. लेक पाया पडून जीपमध्ये बसली. चाल संपली, शेवटचा सूर मात्र थांबेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं शिकवून पुन्हा तेच! मी बटणाकडे धावलो, तर नानांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे भाऊ. नोसाउंड मुद्दामच लिखेल नही. मना दम सरना, याना नही."

जीप वळणाआड होईपर्यंत तो सूर तिच्यामागे जात राहिला. मग नानांनी स्वतःच बटण बंद केलं. कवळी काढून खिशात ठेवली आणि मनसोक्त रडले.